वाकळेचा घास

हिंडलगा,
२४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आज्जीस,
पूर्णिमाचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र का, असं तू म्हणशील. आमच्या शाळेत दरवर्षी शिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत वसंत महिना असतो. सहावीची मुलं पळसाच्या फुलांचा रंग करतात. आठवीची फिशपॉन्ड लिहितात, म्हणजे कुणी लिहिलं ते न सांगता दोन ओळींत एकेकाची टर उडवायची. मागच्या वर्षी हेडसरांच्या ढेरीवर आला होता, सर स्वतःच सगळ्यात जास्त हसले. आणि सातवीला दोन कामं असतात. घरातल्या एका मोठ्या माणसाला पोस्टाने पत्रं लिहायची, फोन बंद, आणि ती पत्रं वहीत चिकटवायची. दुसरं म्हणजे वर्गाने मिळून एक वस्तू करायची.

यंदा माधवी टीचरनी विचारलं, "वाकळ, म्हणजे गोधडी, कुणाच्या घरी शिवतात?" मी हात वर केला. माझ्या एकटीचाच हात वर होता. आता मी वाकळ-प्रमुख आहे, हाताखाली एकतीस मुलं, आणि मला येतं फक्त सुईत दोरा ओवायला. २९ मार्चला सगळ्यांचे आईबाबा बघायला येणार आहेत. तोवर झाली नाही तर आठवी माझ्यावर असा फिशपॉन्ड टाकेल की मला शाळा बदलावी लागेल.

कशी शिवायची ते सगळं लिही.

तुझी,
पूर्णिमा

*

गुंजी,
१ मार्च

पूर्णिमा,

पत्र पोचलं. पोस्टातला गुंडू दारात उभा राहून म्हणतो, शालूमावशी, कोर्टाची नोटीस आली काय. त्याच्या हातनं हिसकून घेतलं. साष्टांग घालू नकोस, दप्तरानं आधीच वाकलीयास.

मी दुसरी नापास. अक्षर बघून हसायचं न्हाय. तुझ्या टीचरला हसू येत असंल तर तिला म्हणावं भाताची लावणी करून दाखव, मग हस.

आता नीट ऐक. वाकळ म्हणजे चिंध्यांचा ढीग न्हवं. खाली एक अख्खं लुगडं, वर ठिगळं, मधी जे काय फाटकं असंल ते. चारी बाजूंनी चार जणींनी बसायचं, काठाकडनं सुरू करायचं आणि मधी यायचं. टाका बारीक. तांदळाएवढा. पावट्याएवढा टाका घातलास तर पायाचा अंगठा अडकून रात्रीत फाटती.

आणि कापड जुनं पायजे. नवं कापड अंगचं कडक असतं, सुई घेत न्हाय. कापड जेवढं जुनं तेवढं मऊ. घरातलं सगळ्यात जुनं जे असंल ते वरती मधोमध लावायचं. सगळ्या पोरांना सांग, आईला विचारून आणा. न्हायतर बाजारातनं मीटरनं घेऊन येतील शहाणी.

शेवटचा कोपरा शिवू नका. त्याचं नंतर सांगते. जागा संपली.

शालूबाई

*

हिंडलगा,
६ मार्च

प्रिय आज्जी,

तुझं पत्र टीचरनी वर्गात मोठ्याने वाचलं. "दप्तरानं वाकलीयास" ला सगळे हसले, "लावणी करून दाखव" ला टीचर सोडून सगळे हसले.

कापडं जमली. ब्राह्मीने तिच्या आजोबांचा पटका आणला. एकाने खरंच बाजारातून मीटरभर आणलं, ते परत पाठवलं. खालचं लुगडं टीचरच्या आईने दिलं. आता जेवणाच्या सुट्टीनंतर रोज वर्गात सतरंजी पसरून बसतो. श्रेयांसचा टाका सगळ्यांत बारीक आहे, अगदी तांदळाएवढा. पण मुलं त्याला "श्रेयांसबाई" म्हणतात. तो आता शिवायला येत नाही म्हणतोय.

आणखी एक गंमत. वाकळ झाली की काचेची फ्रेम करून हेडसरांच्या ऑफिसात भिंतीवर लावणार आहेत! खाली आम्हा सगळ्यांची नावं. साहेब लोक आले की बघतील.

शेवटच्या कोपऱ्यात काय करायचं?

पूर्णिमा

*

गुंजी,
१० मार्च

पूर्णिमा,

भिंतीला थंडी वाजती काय गं?

वाकळ भिंतीवर लावणार म्हणं. मग भाकरीबी फ्रेम करून लावा. साहेब आले की बघतील आणि उपाशी जातील. तुझ्या टीचरला विचार, ही वाकळ कोण अंगावर घेणार? त्या माणसाचं नाव सांगा, मग पुढचा टाका घाला. न्हायतर मी काय सांगणार न्हाय.

त्या श्रेयांसला म्हणावं, शहापुरात माग चालवणारे सगळे बाप्येच होते. माझं लग्नाचं लुगडं ज्यानं विणलं त्याच्या मिशा अशा होत्या की मागावर इकडनं तिकडं पळणाऱ्या धोट्यात अडकतील असं वाटायचं. ज्या पोरांनी नाव ठेवलं त्यांना म्हणावं एक टाका त्याच्यासारखा घालून दाखवा, मग तोंड उघडा.

आता शेवटचा कोपरा. तिथं शिवायच्या आधी आत भाकरीचा तुकडा घालायचा. एवढासा, नखाएवढा. त्याला आम्ही घास म्हणतो. वाकळ उपाशी ठेवायची न्हाय. उपाशी वाकळ माणसाला ऊब देत न्हाय. माझ्या आईनं घातला, मी घातला. मुंग्या येतील म्हणून तुझी आई ओरडंल. येऊ देत. मुंगी किती खाती?

शालूबाई

*

हिंडलगा,
१५ मार्च

प्रिय आज्जी,

काल धुळवड झाली. सहावीचा रंग इतका पक्का निघाला की हेडसरांची दाढी अजून केशरी आहे.

फ्रेमचं मी टीचरना विचारलं नाही. मला जमणार नाही. तूच सांग.

श्रेयांस परत आला. तुझं मिशांचं वाक्य त्याने वहीत लिहून घेतलंय.

एक विचारायचं आहे. मधोमध लावलेलं एक कापड फार कडक आहे. दोन सुया मोडल्या. पण ते खूप म्हणजे खूपच जुनं आहे. असं होतं का?

आणि सहजच विचारते, तुझं लग्नाचं लुगडं आमच्या ट्रंकेत आहे ना, ते तुला अजून लागतं का?

पूर्णिमा

*

गुंजी,
१८ मार्च

पूर्णिमा,

जुनं कापड सुया मोडत न्हाय. कुणीतरी तुम्हाला फसवलंय. नवं कापड जुनं म्हणून दिलंय. ज्यानं आणलं त्याचा कान धर.

लुगड्याचं "सहजच" विचारतीस व्हय? मी काय कालची न्हाय. मनूनं विचारायला लावलं तुला. तुझी आत्या निपाणीत बसून बेळगावातली सूत्रं हलवती. तिला फोनवर सांगून झालंय माझं. नीलमचं लग्न अक्षय तृतीयेला. पोरीनं आज्जीचं लुगडं नेसून बोहल्यावर उभं राहायचं, असं मायलेकींनी ठरवलंय. मनूनं स्वतःच्या लग्नातबी मागितलं होतं. तवा मी न्हाय म्हटलं. चोवीस साल झाली, अजून दर दिवाळीला तेच काढती, "आईनं मला नेसू दिलं न्हाय." म्हणून यंदा म्हटलं, ने बाई, एकदाचं तोंड बंद कर.

अठ्ठावीसला ती तुमच्याकडं येणार, ट्रंकेतनं लुगडं काढून घेणार. तुझ्या आईला म्हणावं वर चार डांबरगोळ्या जास्त टाक, मनूला वास आला की महाग वाटतं.

फ्रेमचं मी बघते.

शालूबाई

*

हिंडलगा,
२१ मार्च

आज्जी,

हे पत्र मी वहीत लावणार नाही.

ते लुगडं मी कापलं.

तू लिहिलं होतंस, घरातलं सगळ्यात जुनं कापड मधोमध लाव. घरात सगळ्यात जुनं तेच होतं. आई म्हणते पन्नास वर्षांचं आहे. तू मुलांना आईला विचारून आणायला सांगितलं होतंस, ते मी वर्गात सगळ्यांना सांगितलं आणि मीच विचारलं नाही. मला वाटलं, कुणी नेसतच नाही. पदराकडून चार हात कापलं. त्याचे चौकोन करून मधलं फूल केलं. सगळ्यात सुंदर तेच दिसतंय. ते शिवूनही झालं, आता उसवलं तर फाटेल. सुया त्याच्यामुळेच मोडल्या.

तुझं पत्र आल्यावर कळलं की नीलमताई तेच नेसणार आहे. आत्या येणार म्हणून आई आज ट्रंक पुसत होती. मी पोट दुखतंय म्हणून झोपून राहिले. उरलेलं मी घडी घालून वरती तसंच ठेवलंय, उघडलं की कळणार.

अजून कुणाला सांगितलेलं नाही. आत्या शुक्रवारी येईल. आज्जी, मी काय करू? तू मला रागव, पण त्याआधी सांग.

पूर्णिमा

*

गुंजी,
२४ मार्च

पूर्णिमा,

हे पत्र टाकायला गुंडूला थांबवून ठेवलंय. चहा पितोय. म्हणून पटापट लिहिते.

रड आली असंल तर रडून घे, मग तोंड धू आणि वाच.

एक. न विचारता कापलंस ही चूक. त्याबद्दल मे महिन्यात आलीस की काजूच्या सगळ्या बिया तू सोलायच्यास. हात काळे होतील. होऊ देत.

दोन. सुई जाईना म्हणालीस, तिथंच मला कळायला पायजे होतं, पण माझं लक्ष मनूकडं होतं. जे कापलंस ते माझ्या लग्नाचं लुगडं न्हाय. ते कधी कुणी नेसलंच न्हाय, धुतलंच न्हाय. खळ तशीच हाय त्याच्यात. पन्नास वर्षं ट्रंकेत ठेवलं म्हणून कापड मऊ होत न्हाय. अंगावर वापरून होतं.

आता तीन, आणि हे तुझ्या बापालाबी म्हाईत न्हाय. मनू सातव्या महिन्यात झाली. सत्याहत्तर साल, पुसाचा महिना. गुंजीची थंडी तुला ठाऊक हाय. पोर केवढी, तर माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत. अंगाला कातडं असं की घोंगडं लागलं की लाल व्हायचं. सुईण म्हणाली, कापसात ठेव. कापूस कुठला? घरात मऊ कापड एकच होतं. माझं लग्नाचं डाळिंबी लुगडं, तीन वर्षं सणाला नेसून, नदीवर धुऊन साईसारखं झालेलं. विळीवर धरलं आणि कापलं. चार दिवसांत वाकळ शिवली. घास घातला. पोर जगली.

सासू माहेरी गेलती. तिला कळलं असतं तर तिनं गावभर केलं असतं की सुनेनं सवाष्णीचं लुगडं फाडलं. म्हणून ती यायच्या आत वाकळेवर दोन्हीकडनं चादर शिवली, भावाला शहापुरात धाडून त्याच रंगाचं दुसरं आणवलं आणि ट्रंकेत टाकलं. त्याला तसला काठ मिळाला न्हाय. माझ्याला रुईफुली काठ होता, ह्याला साधा पट्टा हाय. अठ्ठेचाळीस वर्षांत एकालाबी कळलं न्हाय. बघतंय कोण? सगळ्यांना ट्रंकेत लुगडं हाय एवढंच पुरतं.

आता विचारशील, खरी वाकळ कुठं हाय. मनू तिच्यावर वाढली, मग तुझा बाप. तुझी आई सध्या तिच्यावर इस्त्री करती.

मनूला तू काय सांगायचं न्हाय. हे माझं काम. तू फक्त एक कर. इस्त्रीच्या वाकळेचा जो कोपरा जाड लागंल तो उसवून बघ, मी खरं बोलते का न्हाय ते. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. म्हातारी माणसं लई थापा मारतात.

शुक्रवारच्या गाडीनं मी येते. शनिवारी शाळेतबी येणार. टीचरला सांग, शेवटचा कोपरा मोकळा ठेवायचा.

गुंडू दुसरा चहा मागतोय. आता कानडीत म्हणतात तसं साकु, पुरे.

शालूबाई

*

हिंडलगा,
२ एप्रिल

प्रिय आज्जी,

तू स्वतः इथे होतीस, पण टीचर म्हणाल्या वहीत शेवट पाहिजे, म्हणून सगळं लिहिते. तुला चुकीचं वाटलं तर दुरुस्त कर.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी दार लावून इस्त्रीची वाकळ घेतली. तिसरा कोपरा जाड होता. ब्लेडने टाके काढले. वरचं कापड जळून काळं झालंय, त्याच्या खाली चादर, त्याच्या खाली डाळिंबी. इतकं मऊ की बोटाला कळतच नव्हतं. काठावर बारीक बारीक रुईची फुलं. आणि अगदी टोकाला चिमूटभर भुसा. मी तो परत आत ठेवला आणि कोपरा शिवला. टाके तांदळाएवढे आलेत.

शुक्रवारी आत्या तुझ्या आधी पोचली. चहा पण न पिता ट्रंक उघडली. चार हात कमी दिसल्यावर ती अशी ओरडली की शेजारच्या काकू आल्या. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात तू दारात. चप्पलसुद्धा काढली नव्हतीस. म्हणालीस, "ओरडू नको मने. ते लुगडं खोटं हाय. खरं मी कापलं. तुझ्यासाठी."

मग तू इस्त्रीची वाकळ आणून आत्याच्या मांडीवर टाकलीस आणि पत्रात लिहिलं होतंस तेच सांगितलंस, फक्त त्याच्याहून कमी शब्दांत. आत्या म्हणाली, "मग इतकी वर्षं मला बोललीस का न्हाईस? मी तुला किती टोचलं." तू म्हणालीस, "टोचत होतीस म्हणजे धडधाकट होतीस. मला तेवढंच पायजे होतं." आत्याने जेवतानाही वाकळ मांडीवरून काढली नाही. आईला इस्त्रीचं वाईट वाटत होतं.

शनिवारी शाळेत तू शेवटचा कोपरा शिवायला बसलीस आणि भाकरीचा तुकडा हातात धरून थांबलीस. टीचरना विचारलंस, "ही कुणाच्या अंगावर जाणार?" टीचर म्हणाल्या, "आज्जी, फ्रेमची ऑर्डर दिलीय." तू म्हणालीस, "मग त्यात हेडमास्तरांचा फोटो लावा, दाढीचा रंग जायच्या आत." हेडसर पुन्हा सगळ्यात जास्त हसले. मग आम्ही हात वर करून ठरवलं की वाकळ बालवाडीला द्यायची, तिथली मुलं दुपारी नुसत्या फरशीवर झोपतात. बत्तीस हात वर झाले. टीचरचा धरून तेहतीस.

आठवीने तुझ्यावर टाकलेला फिशपॉन्ड मी लिहून ठेवलाय:
"सुईपेक्षा जिभेला धार, आज्जी आली शाळेत,
माधवी टीचर गप्प बसल्या, पहिल्यांदाच वेळेत!"

आता तू गेल्यानंतरचं. रविवारी गुढी उभारल्यावर आत्या निपाणीला निघाली. ट्रंकेतलं लुगडं नेलं नाही. इस्त्रीची वाकळ काखेत घेऊन गेली. आईने इस्त्रीसाठी टेबल मागवलंय.

आणि एक वाईट बातमी आहे. काल बालवाडीत पहिल्यांदा वाकळ अंथरली. ओमकार नावाचा एक चिमुरडा आहे, तो मधल्या फुलावरच झोपला आणि त्याने शू केली. सगळं फूल भिजलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. टीचर म्हणतात, अजूनही फ्रेम करता येईल. काय करायचं ते लवकर लिही.

पूर्णिमा

*

गुंजी,
५ एप्रिल

पूर्णिमा,

दुरुस्ती एकच. चप्पल काढली होती. एक.

मनूचा काल फोन आला. नीलम नवं लुगडं नेसणार, आणि बोहल्यावर पाटाखाली ती जळकी वाकळ घालणार म्हणं. इतकी वर्षं त्याच्यावर इस्त्री फिरली तवा कुणी विचारलं न्हाय, आता हळदकुंकू लावून ठेवलीय. घाल म्हटलं, पण आधी उन्हात टाक. मग म्हणाली, "आई, मी कोपरापासून मनगटापर्यंत एवढीच होते?" म्हटलं, व्हय. तर गप्प बसली. मनू गप्प बसली, गंमत हाय का? मी फोन ठेवला, तिचे पैसे उठत होते.

ट्रंकेतलं उरलेलं लुगडं आता कुणी जपायचं न्हाय. तुझ्या आईला म्हणावं चार पाण्यानं धू, खळ जाऊ दे, आणि घरात नेस. पाच-सात वर्षांत कापड होईल त्याचं.

आता ओमकारचं. त्यात रडायचं काय? मनूनं तर पहिल्याच दिवशी दोनदा भिजवली होती. मी तवाच ओळखलं, पोर जगणार. तुमची आजवर नुसती शिवलेली कापडं होती. आता तिची वाकळ झाली.

टीचरला म्हणावं, फ्रेमवाल्याला परत पाठव. वाकळ स्वच्छ पाण्यानं धुवा, शाळेच्या गच्चीवर कडक उन्हात टाका, दोन्ही बाजूंनी. आणि सुकली की त्याच पोराला त्याच फुलावर झोपवा.

काजू पिकायला लागलेत. लवकर ये. हात काळे करायचे ठरलंय आपलं.

शालूबाई